क्लच जड झालाय

अण्णा दुपारी जेवून ओसरीवर आडवे झाले की त्यांच्या डाव्या हाताची बोटं हलायची. आधी करंगळी, मग बाकीची तीन. सावकाश मिटायची, थोडा वेळ तशीच राहायची आणि मग हळूहळू उघडायची. मी कितीतरी रविवार हे बघितलं होतं आणि म्हातारपणाचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं होतं. एका दुपारी उंबऱ्यावर शेंगा फोडत बसले होते, तेव्हा अण्णांची बोटं मिटली आणि त्याच वेळी त्यांच्या उजव्या पायाचा पंजा किंचित वर उचलला गेला. मग बोटं उघडली. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांच्या जुन्या फटफटीचा क्लच डाव्या हाताला आणि गियर उजव्या पायाला होता. माणूस झोपेत गाडी चालवत होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. भूम तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. हुद्दा लहान, पण गावोगावचे लोक त्यांना डाक्टरच म्हणायचे. आमच्याकडं घरोघरी दूध आणि दुधाचा खवा, त्यामुळं माणसाच्या डॉक्टरपेक्षा जनावराच्या डॉक्टरला मान जास्त. अडलेल्या गाईच्या पोटात डावा हात खांद्यापर्यंत घालून अण्णा वासरू आतल्या आत वळवायचे आणि बाहेर ओढायचे. त्या हाताची ख्याती पार ईट गावापासून घाटाच्या खालपर्यंत होती. तीस वर्षं ते त्या एकाच फटफटीवर फिरले. लहानपणी मी पेट्रोलच्या टाकीवर बसायचे. इंजिनाची धडधड पोटातून वर यायची आणि मी त्यांच्या दोन हातांच्या मध्ये झोपून जायचे. कुठून निघालो, कुठं पोचलो, मला कधी कळलंच नाही. अजूनही कधी खूप दमून झोपले की तीच धडधड ऐकू येते, आणि जाग आली की उगीच वाईट वाटतं.

नऊ वर्षांपूर्वी ती गाडी बंद झाली. आधी दोनेक वर्षं अण्णा अधूनमधून म्हणायचे, "क्लच जड झालाय." आई म्हणायची, "अवं, दाखवा की मिस्त्रीला." ते म्हणायचे, "बघू." आणि मग एका सकाळी त्यांनी गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत ढकलत नेली, तिच्यावर गोणपाट टाकलं आणि बाहेर येऊन हात धुतले. मला ते फोनवर एवढंच म्हणाले की दोष गाडीत न्हाय, हातात हाय. माझ्या मोठ्या चुलत्यांना लकवा झाला होता, तो डाव्या हातातूनच सुरू झाला होता. आधी त्यांच्या हातून चहाचा कप निसटायला लागला आणि वर्षभरात ते अंथरुणाला खिळले. अण्णांनी भावाचं सगळं केलं होतं. आपल्याला क्लच दाबवत नाही म्हणजे आपलाही नंबर लागला, असं त्यांनी मनाशी धरलं आणि कुणा डॉक्टरला हात दाखवलासुद्धा नाही. भीतीनं माणूस किती मुका होतो! तो लकवा काही आला नाही. पण अण्णांनी त्या हाताकडून काम मागायचं सोडून दिलं, ते सोडूनच दिलं. पाण्याची बादलीसुद्धा उजव्या हातानं उचलायचे.

तर त्या दुपारी ते उठून चहा प्यायला बसले तेव्हा मी विचारलं, "अण्णा, गाडी चालवायची का परत?"

"हात कुठं हाय?" ते म्हणाले.

"हात नसू दे. क्लच हलका करू."

त्यांनी बशी खाली ठेवली. "व्हतंय तसं?"

"व्हतंय म्हणजे? मी आयटीआयमध्ये काय भजी तळते का?"

मी तापट बाई आहे, हे आताच सांगून टाकते. वीस वर्षं पोरांना फिटरचं काम शिकवतेय, आणि माझा आवाज वर्कशॉपच्या बाहेर झाडाखाली बसलेल्या शिपायाला ऐकू जातो. त्या दिवशी अण्णांचा तो "व्हतंय तसं?" ऐकून मी जास्तच जोरात बोलले. त्यांनी चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझ्याकडं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, आणि तेही अर्धंच.

त्यानंतर दर शनिवारी शाळा सुटल्यासारखी मी गावाकडं पळायचे. दोन दिवस आम्ही त्या पत्र्याच्या खोलीत काढायचो. गोणपाट काढलं तर सीटवर कोंबडीनं घर केलेलं, टाकीवर गंज, चाकं बसलेली. पण बाकीचं काम मला फारसं आठवत नाही. रंग, तारा, टायर, कार्बोरेटर, हे सगळं होत गेलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, डाव्या हाताला येणारं ते वजन. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, त्यातून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडायचे आणि दुपारभर हळूहळू सरकत गाडीवर चढायचे. अण्णा बाजेवर बसून बघायचे. कधी मला नट हातात द्यायचे, कधी नुसतेच कवडशातली धूळ बघत राहायचे. तासन् तास आम्ही एक शब्द बोलायचो नाही, आणि मला, जिला गप्प बसता येत नाही तिला, त्याचं काही वाटायचं नाही. बाहेर म्हशी रवंथ करत असायच्या. कधीकधी मला वाटायचं की हे काम संपूच नये.

क्लच उघडला तेव्हा आतल्या चकत्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. इतकी वर्षं उभी गाडी, दुसरं काय होणार? मी त्या एकेक करून सोडवल्या, रॉकेलमध्ये धुतल्या, आणि जाड काचेवर पॉलिशपेपर ठेवून घासल्या, सपाट होईपर्यंत. चकत्या ज्या डब्यात बसतात त्याच्या खाचांना दाते पडले होते, ते कानशीनं काढले. स्प्रिंगा चारही सारख्या दाबाच्या करून बसवल्या. अण्णांना प्रत्येक गोष्ट सांगावी लागायची, कारण ते पेशंटच्या नातेवाइकासारखे विचारायचे, "ह्यानं हलका व्हईल?"

"थोडा होईल."

"आनि आता?"

"अजून थोडा होईल. दम धरा की अण्णा!"

खरा उपाय मी शेवटी ठेवला होता. केबल जिथं क्लचला येऊन मिळते तिथं एक लहानसा लोखंडी हात असतो. तो मी वर्कशॉपमध्ये नेऊन बोटभर लांब करून आणला. पहार जितकी लांब तितका दगड सोपा उचलतो, तसंच हे. मात्र लांब केला की हॅन्डलवरचं लिव्हर जास्त ओढावं लागतं, आणि फार लांब केला तर क्लच पुरता सुटतच नाही, गाडी जागच्या जागी धक्के खाते. केबल न जोडता, नुसतं मोजून-मापून तो मेळ बसवायला मला तीन रविवार लागले. शेवटी तो हात मी नुसत्या दोन बोटांनी ओढला आणि तो सुरसुरत आला. अण्णांना बोलावलं. त्यांनी खाली वाकून, उजव्या हातानं नव्हे, डाव्या हातानं तो ओढला आणि सोडला. परत ओढला. चार-पाच वेळा. मग म्हणाले, "आगं, हे तर लेकराचं काम झालं."

मी इतकी खूश झाले की आईला हाक मारून चहा मागवला. तो चहा पिऊन मी केबल जोडली आणि अण्णांना सीटवर बसवलं. त्यांनी धोतर सावरलं, दोन्ही हात हॅन्डलवर ठेवले, आणि क्लच दाबला.

दाबला गेला नाही. अर्ध्यावर गेला आणि थांबला. त्यांनी ओठ आवळले, बोटं पांढरी पडली, दंड थरथरला, आणि लिव्हर तिथंच. मग त्यांनी सोडून दिलं. मी म्हणलं, "थांबा, ॲडजस्टमेंट राहिलीय." त्यांनी मान हलवली. खाली उतरले, आणि मला काही दिसू नये म्हणून असेल, पाठमोरेच म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. तू केलं तेवढं लई झालं. हातच गेलाय." आणि गोठ्याकडं निघून गेले.

मी पाना फेकून मारला. पत्र्यावर असा आवाज झाला की म्हशी उठून उभ्या राहिल्या. रडू येत होतं, आणि मला रडू आलं की राग येतो, आणि राग आला की मी स्वतःलाच शिव्या घालते. मी त्या गाडीच्या चाकापाशी बसून राहिले. मग जरा वेळानं डोकं थंड झालं, आणि मला आठवलं की मी पोरांना दर वर्षी पहिल्याच दिवशी काय सांगते. आधी सगळ्यात सोपी गोष्ट तपासा. क्लचपाशी हात हलका आहे. हॅन्डलपाशी जड आहे. मधी काय आहे? केबल. हे माझ्या डोक्यात तीन महिन्यांत एकदाही आलं नव्हतं, कारण त्या केबलीची दोन्ही टोकं तेलानं चकचकत होती. इतकं तेल असलेली केबल कशी अडकेल? मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नव्हतं. मास्तरीण म्हणे!

केबल काढून दोन्ही हातांत धरली आणि आतली तार ओढली. तार हलेना. पक्कडीनं धरून ओढली तर वितभर आली आणि परत रुतली. मग करवतीनं वरचं आवरण चिरलं. आत, तारेच्या चारी बाजूंनी, पिवळा-तांबूस चिकटा बसला होता, वाळलेल्या डिंकासारखा. नखानं खरवडला तर नखाला चिकटला. मी तो नाकाजवळ नेला.

आमच्या जिल्ह्यात वाढलेल्या बाईला तो वास सांगावा लागत नाही. करडईचं तेल. भाजीला घालतात ते, घाण्याचं. त्याचा एक गुण सगळ्यांना माहीत आहे. ते सांडलं आणि पुसायचं राहिलं की वाळून असं बसतं की फळी बदलावी पण डाग जात नाही. आईच्या तेलाच्या किटलीच्या तोंडाला तोच पिवळा थर असतो. आणि हे तेल कुणीतरी क्लचच्या केबलीत वर्षानुवर्षं सोडत आलं होतं.

माझा पारा चढला. हातात तो केबलीचा तुकडा घेऊन मी तरातरा स्वयंपाकघरात गेले. आई भाकरी थापत होती.

"आई, गाडीच्या क्लचात तेल कुणी घातलं?"

तिनं वर बघितलं. तिचा चेहरा असा खुलला की मला अजून दिसतो. "म्याच की! दर दसऱ्याला घालते. आन्ना रिटायर झाले त्या वर्षापास्नं. तुझे आन्ना गाडी धुवायचे, हार घालायचे, पर तेल कोन घालनार? इळा, कुऱ्हाड, कात्री, समद्याला आपन तेल-कुंकू लावतो, मंग गाडीनं काय पाप केलंय? त्या दोरीत वरनं चमच्यानं सोडते, आत जाईस्तवर. बंद पडली तरी म्या एक दसरा चुकवला न्हाय. आपल्या घरच्या करडीचं तेल, इकतचं न्हाय." मग जरा थांबून म्हणाली, "म्हनलं, कदी ना कदी चालवतीलच."

हातातला केबलीचा तुकडा मी पाठीमागं लपवला. तव्यावरची भाकरी फुगली, तिनं ती हातानं उलटली, आणि मी "बरं" म्हणून बाहेर आले.

हिशोब सरळ होता. अण्णा रिटायर झाले, आई तेल घालायला लागली, आणि दर वर्षी तो चिकटा थोडा थोडा वाढत गेला. क्लच जड झालाय, हे अण्णा खरंच बोलत होते. हात धडधाकट होता. माझ्या बापानं आपला चांगला हात मेला असं समजून नऊ वर्षं कडेला ठेवून दिला, आणि तेही माझ्या आईच्या मायेनं. हे मी कुणाला जाऊन सांगू? आईला सांगितलं तर तिनं पुन्हा तेलाच्या किटलीला हात लावला नसता.

आणि अण्णांना सांगणं त्याहून अवघड होतं. गाडी बंद झाली त्याच वर्षी, पलीकडच्या वस्तीवरचा एक खवा करणारा गडी आमच्या दारात पळत आला होता. त्याची पहिलारू कालवड अडली होती, वासराचा पाय आत मुडपलेला. दवाखान्यातले साहेब दुसऱ्या गावाला गेले होते. त्यानं अण्णांचे पाय धरले. अण्णांनी त्याला आपला डावा हात दाखवला आणि म्हणाले, "ह्यात जीव ऱ्हायला न्हाय रे. उगं जनावराचे हाल करीन." कालवड मेली, वासरूही मेलं. तो गडी काही बोलला नाही. पण अण्णा त्या दिवसापासून त्या वस्तीच्या वाटेला गेले नाहीत. शेताला जायला तीच वाट जवळची, तर हे माळावरून वळसा घालून जायचे. हात तेव्हाच गेला होता, या एका गोष्टीवर ते नऊ वर्षं तगून होते. आता मी त्यांना सांगायचं का, की हात चांगला होता?

मी ठरवलं की खोटं बोलायचं. पुढच्या शनिवारी नवीन केबल आणली, रविवारी सकाळीच इंजिनाचं तेल घालून बसवली, आणि अण्णांना हाक मारली. ते यायलाच तयार नव्हते. मी हाताला धरून आणलं. "शेवटचं. परत म्हणणार नाही."

ते बसले. बोटं लिव्हरवर ठेवली. आणि लिव्हर आलं, हॅन्डलला टेकेपर्यंत आलं, काही आवाज न होता. अण्णांनी सोडलं. परत दाबलं. मग चार बोटांऐवजी तीन बोटांनी, मग दोन. ते एकदम लहान दिसायला लागले. "आयला," ते म्हणाले. मी अण्णांच्या तोंडून शिवी पहिल्यांदा ऐकली. "आयला! काय केलंस गं?"

"चकत्या घासल्या. स्प्रिंगा बसवल्या. तो हात लांब केला, तुम्हाला दाखवला नव्हता का?" मी भराभरा बोलत होते. "आणि केबल बदलली. जुनी झाली होती, गंजली होती आतनं."

"चकत्या तर मागच्या येळी बसलो तवाच झाल्या व्हत्या," अण्णा म्हणाले.

ज्या माणसानं तीस वर्षं मुक्या जनावरांचं दुखणं नुसतं हात लावून ओळखलं त्याला मी फसवायला निघाले होते. ते गाडीवरून उतरले. जुनी केबल कोपऱ्यात पडली होती, मूर्ख मी, टाकून द्यायची राहिली होती. त्यांनी ती उचलली. चिरलेल्या आवरणात बोट फिरवलं. वास घेतला. मग स्वयंपाकघराच्या दिशेनं बघितलं. कवडसे त्यांच्या पांढऱ्या केसांवर आले होते.

"आईला बोललीस का?"

"न्हाय."

"बोलू नको." त्यांनी केबलीची गुंडाळी केली आणि उकिरड्यावर नेऊन टाकली.

तेवढ्यात आई बाहेर आली. गाडी चालू होणार हे तिला कळलंच होतं. तिच्या हातात पूजेचं ताट, नारळ, चाकाखाली ठेवायला दोन लिंबं, आणि चमच्यासकट तेलाची किटली. "नवी दोरी बसवलीय न्हवं? थोडं सोडते तेल."

मी आणि अण्णांनी एकमेकांकडं बघितलं. मला हसू की रडू कळेना.

"दोरीला नको," अण्णा म्हणाले. "कंपनीनं भरूनच दिलंय तिच्यात. चेनला घाल. चेनला लई लागतं तेल."

"व्हय का?" आई खाली बसली आणि चेनला मनापासून तेल घालायला लागली. चेनचं काही बिघडत नाही, हवं तेव्हा पुसता येते. अण्णा तिच्या शेजारी उकिडवे बसून चाक हातानं हळूहळू फिरवत राहिले.

किक मी मारली, चौथ्या किकेला गाडी धडधडायला लागली. मी मागं बसले. चाकाखालची लिंबं फुटली, आईनं तोंडाला पदर लावला, आणि आम्ही निघालो. थंडीचे दिवस होते. ज्वारी निसवली होती, करडईला पिवळी-केशरी फुलं आली होती, आणि सकाळचं धुकं अजून बांधाबांधानं रेंगाळत होतं. पन्नाशीला टेकलेली बाई मी, बापाच्या खांद्याला धरून बसले होते आणि ती धडधड परत पोटातून वर येत होती. डोळे आपोआप मिटायला लागले. डावा हात मिटत होता, उघडत होता, आणि गाडी एकदाही धक्का न देता गियर बदलत होती. खरंच सांगते, मला तेव्हा काहीच नको होतं. रस्ता संपला नसता तरी चाललं असतं.

ईटच्या बाजाराला जायचं ठरलं होतं. फाट्यावर आलो तर अण्णांनी गाडी उलटीकडं वळवली.

"अण्णा, ईट तिकडं."

पुढं कच्ची वाट लागली, बाभळी लागल्या, आणि मला कळलं आपण कुठं चाललोय. "अण्णा, कशाला? कुणी काही म्हणलंय का तुम्हाला?"

"कुनी न्हाय म्हनलं," ते म्हणाले, "म्हनून तर."

वस्तीवर तो गडी खव्याच्या भट्टीपुढं बसला होता. केस पिकले होते त्याचे. भल्यामोठ्या कढईत दूध आटत होतं आणि तो खुरपं घेऊन ते ढवळत होता. आम्हाला बघून तो अर्धा उठला, पण दूध लागेल म्हणून परत बसला. "डाक्टर," एवढंच म्हणाला.

अण्णा त्याच्यासमोर उभे राहिले. बसले नाहीत. "तुझी कालवड मेली तवा," ते म्हणाले, "माझा हात चांगला व्हता."

खुरपं फिरत राहिलं. "मंग गेला का म्हनला?"

"गाडीत खोट व्हती. म्या हातात समजलो. आज कळलं. आलो असतो तर वासरू वळलं असतं." अण्णांचा आवाज फुटला. "माझं चुकलं."

मी भट्टीच्या धुराकडं बघत उभी होते. त्या गड्यानं शिवी दिली असती, हाकलून दिलं असतं, तर मी एक शब्द बोलू शकले नसते. तो ढवळत राहिला. दूध घट्ट व्हायला लागलं होतं, अशा वेळी हात थांबवता येत नाही. मग त्यानं भट्टीतली दोन लाकडं मागं ओढली, कढई खाली उतरवली, धोतराला हात पुसले आणि उठून अण्णांपुढं आला.

"दाबा," तो म्हणाला, आणि आपला हात पुढं केला.

अण्णांनी डाव्या हातानं तो धरला आणि दाबला. त्याचा चेहरा आक्रसला. "आई गं! व्हय, हाय की जीव." त्यानं हात सोडवून घेतला नाही. "डाक्टर, गाय गेली, मंग दुसरी आली. तिच्याही वासराला आता वासरं झाली. पर नऊ वर्सं तुमी माझ्या दारावरनं गेला न्हाईत. माळावरनं वळसा घालून जाताना म्या रोज बघायचो. ते लई वंगाळ केलंत तुमी."

अण्णा रडले. तोंड न झाकता, उभ्या उभ्या. मी त्यांना भावाच्या मयतीलाही असं रडताना बघितलं नव्हतं. तो गडी त्यांचा हात धरून तसाच उभा राहिला. मीही रडले, आणि या वेळी मला राग आला नाही.

मग त्यानं बाज ओढली, ताटलीत गरम खवा काढून साखर घातली आणि आमच्या हातात दिली. "खावा. आनि जाताना त्या म्हशीला हात घालून बघा. गाभन हाय का न्हाय, कळंना झालंय मला."

अण्णांनी ताटली बाजूला ठेवली, एक बादली कोमट पाणी आणि साबण मागितला, आणि शर्टाची डावी बाही खांद्यापर्यंत वर सारली.